जगाला दिलेल्या शब्दाचा हिशेब आमच्या पारावर वाचा

प्रति,
मा. केंद्रीय पर्यावरण, वन व हवामान बदल मंत्री, नवी दिल्ली
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई

सविनय नमस्कार.

मागच्या महिन्यात भरदुपारी एक तरुण मुलगा मोटारसायकलवर आमच्या दारात आला. काखेत प्रोसिडिंग बुक होतं. म्हणाला, "काकू, तुम्ही जैवविविधता समितीच्या मेंबर आहात ना, या चार ठिकाणी सह्या करा. वर अहवाल पाठवायचाय." मी चष्मा लावून पानं उलटली. चार बैठकांचे वृत्तांत लिहून तयार होते. ठराव मंजूर, सूचक अमुक, अनुमोदक तमुक. दोन बैठकांत अनुमोदक म्हणून माझंच नाव होतं. त्यातली एकही बैठक झालेली नाही. अशी समिती गावात आहे आणि त्यात मी आहे, हेच मला त्या दिवशी कळलं.

मी सही केली नाही. मुलाला पाणी दिलं आणि परत पाठवलं. त्याचा काही दोष नाही, तो रोजावर काम करतो. पण त्या कोऱ्या चार जागा डोळ्यांपुढून जाईनात. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघड लिहिते आहे.

मी कळंब तालुक्यातली, मांजराकाठची शेतकरी. साडेचार एकर जमीन. गेल्या सप्टेंबरात, 2025 च्या पुरात, त्यातल्या दीड एकरावरची काळी माती मांजरेनं खरडून नेली. पाणी ओसरल्यावर गेले तर खाली पिवळा मुरूम उघडा पडलेला. सोयाबीनचं एक ताट दिसलं नाही, बांधही कुठं होता ते सांगता येईना. हीच मांजरा 2016 साली इतकी आटली होती की लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आमच्याकडं कोरडा दुष्काळ आणि ओला दुष्काळ आता पाळीपाळीनं येतात. त्यामुळं हवामान बदलाच्या जागतिक परिषदेत काय ठरतं हा माझ्यासाठी पेपरातल्या मधल्या पानाचा विषय राहिलेला नाही.

आधी एक गोष्ट मोकळेपणानं सांगते. बाहेरच्या जगात तुम्ही जे भांडता ते मला पटतं. 2024 च्या बाकूच्या हवामान परिषदेत गरीब देशांनी वर्षाला 1.3 लाख कोटी डॉलर मागितले आणि श्रीमंत देशांनी 2035 पर्यंत वर्षाला 300 अब्जांवर बोळवण केली. तिथं भारताच्या प्रतिनिधींनी हा निर्णय मान्य नाही असं भर सभेत सांगितलं. बरोबर केलं. हवेत धूर कोणी सोडला आणि माती कोणाची वाहून गेली, हे जगाला कोणीतरी ऐकवायलाच हवं. 2070 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन, 2030 पर्यंत 500 गिगावॉट बिगरजीवाश्म (म्हणजे कोळसा-तेल न जाळता केलेली) वीज, 2.6 कोटी हेक्टर नापीक जमीन पुन्हा सुधारणं, हे सगळे शब्द देशानं दिलेत. 2025 च्या मध्यापर्यंत निम्मी वीजक्षमता बिगरजीवाश्म झाली, ठरल्याच्या पाच वर्षं आधी. याचा मला अभिमान वाटतो.

माझी तक्रार त्या शब्दांचं पुढं काय होतं याबद्दल आहे. दिल्लीतून निघालेला शब्द मुंबईला येतो, जिल्ह्याला येतो, तालुक्याला येतो, आणि गावात पोहोचेपर्यंत त्याचा नुसता कागद उरतो. मध्ये पैसा मात्र खर्च झालेला असतो.

त्या प्रोसिडिंगपासूनच सुरुवात करते. 1992 साली ब्राझीलमध्ये रिओ इथं वसुंधरा परिषद झाली. जैवविविधतेचा करार झाला, भारतानं सही केली. त्या करारातून 2002 चा आपला कायदा आला. कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती सांगितली: एक अध्यक्ष, सहा सदस्य, त्यात एक तृतीयांश बायका. समितीनं गावातल्या माणसांना विचारून लोक जैवविविधता नोंदवही करायची. कुठली झाडं, कुठली बियाणी, कुठले मासे, कशाचं औषध करतात, काय होतं आणि काय संपलं. माधव गाडगीळांसारख्या शास्त्रज्ञानं या नोंदवहीच्या कल्पनेसाठी आयुष्यातली किती वर्षं दिली. 2024 साली संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा गौरव केला, तेव्हा तुम्हा सगळ्यांचे अभिनंदनाचे संदेश आले होते.

कायद्यानंतर कैक वर्षं बहुतेक गावांत ना समिती होती ना नोंदवही. मग राष्ट्रीय हरित लवादानं 31 जानेवारी 2020 ही मुदत घातली. ती चुकली तर राज्याला महिन्याला 10 लाख रुपये भरावे लागतील असं बजावलं. आणि मग धावपळ सुरू झाली. समित्या भराभर झाल्या, नोंदवह्याही झाल्या.

आमच्या गावची नोंदवही मी माहितीच्या अधिकारात मागवली. अर्ज टाकला, एकदा पुन्हा आठवण दिली, शेवटी झेरॉक्स हातात आली. त्या रात्री जेवण झाल्यावर मी आणि माझी सून ओट्यावर बसून ती वाचत होतो. आमच्या गावात हिरडा आहे, असं त्यात लिहिलंय. फणस आहे, ऐन आहे. मांजराकाठी हिरडा! ज्यानं हे लिहिलं त्यानं कुठल्यातरी डोंगराळ भागातल्या गावची वही समोर ठेवून फक्त गावाचं नाव बदललं, एवढं कोणाच्याही लक्षात येईल. आणि जे आहे ते त्यात नाही. हिवर नाही, तरवड नाही. पहिल्या पावसानंतर उगवणारी पाथरी, चिघळ, तरोटा नाही. पुराच्या पाण्याबरोबर वर चढणारा मरळ नाही. उस्मानाबादी शेळी, जी जिल्ह्याचं जुनं नाव अजून अंगावर वागवते, ती नाही. लाल कंधारी आणि देवणी गाई नाहीत.

सोळाव्या पानावर माहिती देणाऱ्या जाणकारांची नावं होती. त्यात माझ्या सासूबाईंचं नाव होतं. आम्ही त्यांना आत्या म्हणायचो. नोंदवहीप्रमाणं आत्यांनी 2019 च्या डिसेंबरात औषधी वनस्पतींची माहिती दिली आणि पुढं अंगठा केला. आत्या 2014 च्या उन्हाळ्यात वारल्या.

मला खरंच वाटतं, आत्या जिवंत असताना कोणी वही घेऊन आलं असतं तर त्यांनी दोन दिवस सांगितलं असतं. वासराला हगवण लागली की बाभळीची साल किती उकळायची, कुठल्या महिन्यातली काढायची, कुठल्या झाडाची नाही काढायची, हे त्यांना पाठ होतं. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं, पण सही करता यायची. त्या कधीच अंगठा करत नसत. रोजगार हमीच्या कामावर मस्टरवर सही करता यावी म्हणून त्या शिकल्या होत्या.

ही नोंदवही करायला एखाद्या संस्थेला पैसे मिळाले असणार. किती मिळाले, कोणाला मिळाले, ते मला मिळालेल्या कागदांत नाही. अशाच नोंदवह्यांची बेरीज होते, राज्याचा आकडा होतो, राज्यांची बेरीज होऊन देशाचा आकडा होतो, आणि तो आकडा घेऊन आपले अधिकारी परदेशात उभे राहतात. माझी सही त्या आकड्यासाठी हवी होती.

दुसरी गोष्ट आमच्या गायरानाची. राज्यात 2017 ते 2019 या काळात 50 कोटी झाडांचा संकल्प झाला, शेवटच्या वर्षी एकट्या 33 कोटींचा. पॅरिस करारात आपण झाडांतून 2.5 ते 3 अब्ज टन कार्बन डायऑक्साइड शोषण्याचा शब्द दिलाय, त्यामुळं झाडं लावायलाच हवीत, यात वाद नाही. आणि मराठवाड्यात तर जंगल नावालाच आहे. तरीही यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक वाघ शेकडो किलोमीटर चालत येडशीच्या रामलिंग अभयारण्यात आला, तेव्हा आमच्याकडं लोकांना भीतीपेक्षा नवल जास्त वाटलं होतं. अशा मुलखात लावलेलं प्रत्येक झाड जगायला पाहिजे.

आमच्या गायरानात काही वर्षांपूर्वी लागवड झाली. मोहिमेचं आणि काम करणाऱ्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला एका माणसाला पकडून द्यायचं नाही. फलक लागला, फोटो निघाले. पुढच्या मार्चमध्ये मी शेळ्या घेऊन तिथून जात होते. एक वाळकं रोप सहज ओढून पाहिलं. ते उपटून हातात आलं, आणि मुळाला काळी प्लॅस्टिकची पिशवी तशीच होती. फाडलेलीसुद्धा नव्हती. दुसरं ओढलं, तेही तसंच. मी एका ओळीतली अकरा रोपं काढली, त्यातली नऊ पिशवीसकट पुरलेली. पिशवीत मूळ गोल गोल वळलं होतं, शेवयांसारखं. जमिनीत जायला त्याला वाटच नव्हती. पुढं दोन पावसाळे गेल्यावर त्याच खड्ड्यांपुढं नवा फलक लागला.

33 कोटींच्या लागवडीवर 2021 साली विधिमंडळाची चौकशी समिती नेमावी लागली, म्हणजे शंका माझ्या एकटीची नाही. त्या चौकशीतून आमच्या गायरानाबद्दल काय निघालं, हे गावाला आजवर कोणी सांगितलेलं नाही. आता 'एक पेड माँ के नाम' आलंय. आईच्या नावानं लावायचं झाड तरी पिशवी काढून लावलं जावं.

पाण्याची कामंही याच वाटेनं गेली. जलयुक्त शिवारवर 9,634 कोटी रुपये खर्च झाले आणि 2020 साली महालेखापरीक्षकांनी लिहिलं की गावं पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण होण्यावर आणि भूजल वाढण्यावर त्याचा फारसा परिणाम दिसला नाही. काही गावांत चांगली कामं झाली, ती मी पाहिली आहेत. म्हणूनच उरलेल्या गावांतला पैसा कुठं मुरला हे कळायला हवं. सिंचनाच्या चौकशीसाठी सरकारनं माधवराव चितळ्यांना बसवलं, ज्यांना 1993 साली स्टॉकहोमचा जल पुरस्कार मिळाला, ज्यांचं घर आमच्या मराठवाड्याच्या राजधानीत. जगानं मानलेला पाण्याचा जाणकार आपल्या दारात असताना त्याच मराठवाड्यातलं गाव टँकरची वाट बघत बसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

पुराच्या मदतीबद्दल थोडक्यात लिहिते. राज्यानं ऑक्टोबर 2025 मध्ये 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47 हजार रोख आणि रोजगार हमीतून 3 लाखांपर्यंतची कामं. निर्णय चांगला आहे. पण त्याच वर्षी मराठवाड्यातल्याच जालना जिल्ह्यात आधीच्या अतिवृष्टीच्या अनुदानात बोगस नावं घालून कोट्यवधी रुपये लाटल्याचं उघड झालं, तलाठी निलंबित झाले. उद्या नुकसानभरपाईच्या जागतिक निधीतून आपण पैसा मागू, तेव्हा समोरचा देश हाच कागद पुढं करेल. त्याला उत्तर दिल्लीत बसून देता येणार नाही.

यापुढचं लिहिताना हात जड होतो.

मांजरेच्या पलीकडं केज तालुका. तिथलं मस्साजोग. 9 डिसेंबर 2024 ला त्या गावचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडं मागितलेल्या खंडणीला आडवे आले म्हणून हे घडलं, असं तपास यंत्रणेनं न्यायालयात सांगितलं आहे. खटला चालू आहे, निकाल न्यायालय देईल. पण एवढं तर सगळ्यांना दिसतं की 2021 साली ग्लासगोच्या हवामान परिषदेत दिलेल्या शब्दाची पवनचक्की जेव्हा बालाघाटच्या माळावर उभी राहते, तेव्हा तिच्या पायाशी दलाल असतात, दमदाटी असते, रातोरात झालेले करारनामे असतात. शेतातून रस्ता गेला तरी शेतकऱ्याला मोबदला किती ते शेजाऱ्यालाही सांगायची चोरी. पवनचक्कीला माझा विरोध नाही. वारा आमचा आहे, त्यातून वीज व्हावी, चार पोरांना काम मिळावं, हे मलाही वाटतं. पण स्वच्छ ऊर्जेच्या कामात एका सरपंचाचा जीव जातो आणि त्यावर पर्यावरण खात्याकडून एक शब्द माझ्या ऐकण्यात नाही. हे आमचं खातं नाही, असं कृपया म्हणू नका. शब्द तुम्ही दिला होता.

तक्रार करणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा संसदेनं 2014 साली मंजूर केला, राष्ट्रपतींची सही झाली. तो आजही अमलात आलेला नाही. भ्रष्टाचाराविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला भारतानं 2011 साली मान्यता दिली, त्यातही तक्रारदाराच्या संरक्षणाचं कलम आहे. मग आमच्यासारख्यानं कोणाच्या भरवशावर बोलायचं? हे पत्र लिहिते म्हटल्यावर मुलानं मला दोनदा विचारलं, "आई, खाली नाव टाकणार का?"

हिशेब उघडा करणं अवघड आहे, असं कोणी सांगितलं तर मी ते मानणार नाही, कारण मी तो झालेला पाहिलाय. माझं माहेर औसा तालुक्यातलं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी सतरा वर्षांची होते. पुढं जागतिक बँकेच्या साहाय्यानं पुनर्वसनाचं मोठं काम झालं. आमचं घर पडलं नव्हतं, भिंतीला तडे होते, म्हणून आम्ही दुरुस्तीच्या यादीत होतो. हप्ता आला की पारावर यादी वाचली जायची: नाव, रक्कम, कितवा हप्ता, काम कुठवर आलं. माझे वडील मोठ्यानं वाचायचे आणि खालून लोक म्हणायचे, "त्याची भिंत अजून झाली नाही, पुढचा हप्ता थांबवा." भांडणं व्हायची, पण ज्याचं त्याला मिळायचं. अलीकडं पोकरातही, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, अनुदान थेट खात्यात येतं. 2018 पासून जागतिक बँकेच्या 42 कोटी डॉलर कर्जातून तो मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत आला. माझ्या नणंदेच्या गावात त्यातून ठिबक झालं, शेडनेट झालं, ते चालू आहे. पण हे कर्ज आहे आणि ते फेडणार आम्हीच. तेव्हा गावागणिक किती खर्च झाला ते गावासमोर वाचलं गेलं पाहिजे.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

मराठवाड्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता नोंदवही ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. चुकीची निघेल ती रद्द करा आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून नव्यानं करा. पहिली वही करायला कोणाला किती पैसे दिले ते जाहीर करा, खोटी निघाली तर वसूल करा. तोवर या नोंदवह्यांचा आकडा कुठल्याही आंतरराष्ट्रीय अहवालात धरू नका.

वृक्षलागवडीचे पैसे खड्ड्यांच्या संख्येवर देऊ नका. तिसऱ्या उन्हाळ्यात किती झाडं जिवंत आहेत ते गावकऱ्यांनी मोजावं आणि शेवटचा हप्ता त्यावर द्यावा.

परदेशी कर्जातून, निधीतून किंवा जागतिक कराराच्या नावानं जिल्ह्यात जो रुपया येतो, त्याचा गाववार हिशेब मराठीत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. वार्षिक हवामान परिषदेला शिष्टमंडळ निघण्याआधी तो लागलेला असावा. पूरमदतीच्या याद्याही तिथंच लावा आणि वाचून दाखवा.

पवन आणि सौर प्रकल्पांचे जमिनीचे करार ग्रामसभेसमोर ठेवा. दर, मुदत, रस्त्याचा मोबदला, सगळं. खंडणीची किंवा दमदाटीची तक्रार आली तर ती घेणारा अधिकारी तालुक्याबाहेरचा असावा.

आणि 2014 चा कायदा अमलात आणा. त्याला फक्त अधिसूचना लागते.

शेवटी, मुलाच्या प्रश्नाचं उत्तर. तुम्हाला टपालानं पाठवलेल्या पत्रावर माझं पूर्ण नाव, गाव आणि सही आहे. लोकांसाठी उघड केलेल्या या प्रतीवर मुलाच्या आग्रहानं नाव टाकलेलं नाही. तो कायदा ज्या दिवशी लागू होईल, त्या दिवशी इथंही टाकेन. टपालाच्या पत्रासोबत आमच्या गावच्या नोंदवहीची झेरॉक्स जोडली आहे. सुनेनं आणि मी चुकीच्या नोंदींखाली लाल पेनानं रेघा मारल्या आहेत, सुटलेली नावं समासात लिहिली आहेत. सोळाव्या पानावरचा अंगठा आत्यांचा नाही. त्यांच्या खऱ्या सहीची प्रत, जुन्या पासबुकावरची, त्याच पानाला टाचली आहे.

आपली,
मांजराकाठची एक शेतकरी
ता. कळंब, जि. धाराशिव